हुशार पोराला पुढचा धडा कोण देणार?

ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ नावाचे गवई होते. त्यांच्या तानेची कीर्ती मोठी, आणि ती तान आपल्या घराबाहेर जाऊ नये म्हणून खाँसाहेबांची काळजीही तेवढीच मोठी. त्याच दरबाराच्या आश्रयाला नत्थन पीरबख्श यांचे नातू होते, हद्दू आणि हस्सू. गळा तयार, कान त्याहून तयार. गोष्ट अशी सांगतात, की महाराजांनी स्वतःच या दोघांना पडद्याआड बसवून बडे महंमद खाँचं गाणं ऐकण्याची सोय करून दिली. काही महिन्यांनी पोरांनी भर दरबारात तीच तान जशीच्या तशी घेतली. आपली विद्या चोरीला गेली म्हणून खाँसाहेब संतापले आणि ग्वाल्हेर सोडून गेले.

यात इतिहास किती आणि मीठमसाला किती, हा वाद गवयांवर सोपवावा. पण पुढे सबंध हिंदुस्थानात पसरलेला ग्वाल्हेरचा ख्याल या भावांच्या गळ्यातून आला, याबद्दल दुमत नाही. गोष्टीतली लक्षात घेण्यासारखी बाब निराळीच आहे. पोरं हुशार आहेत की नाहीत, हा प्रश्न तिथे कोणालाच पडत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. अडचण एवढीच, की त्यांना जे ऐकायला हवं ते त्यांच्या कानापर्यंत पोचवायचं कोणी आणि कसं.

दोनशे वर्षांनंतरही अडचण तीच आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या आसपासच्या वस्तीत पाटणकर बाजार आहे. नावातच मराठी सरदार घराण्याची खूण. दौलतरावांनी फौजेचा तळ दिला तिथे हे लष्कर उभं राहिलं, आणि फौजेमागोमाग कारकून, भिक्षुक, कीर्तनकार, वैद्य, गवई अशी मराठी कुटुंबं इथे येऊन वसली. गणेशोत्सवात लहान मुलांना स्टेजवर उभं करून गाणं, श्लोक, पाढे म्हणवून घेण्याची हौस इथल्या मराठी घरांत पुण्याइतकीच जुनी. मूल चुणचुणीत निघालं की आजीला दृष्ट लागण्याची भीती, वडिलांना मित्रांपुढे मिरवण्याची घाई, आणि शेजारच्या काकूंच्या तोंडी 'अतिशहाणा त्याचा बैल रिकामा'. हे तिन्ही एकाच आळीत, कधीकधी एकाच घरात नांदतात. शाळेत चौथी प्रतिक्रिया मिळते: 'याला काय शिकवायचं, याचं हा करतोच.' या चौघांत सर्वांत महाग पडते ती हीच शेवटची.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या शहरात खास शिक्षण कोणाला द्यायचं, याचं उत्तर फार सोपं होतं. १८९७ साली शिंदे सरकारने सरदारांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिचं नावच सरदार स्कूल. पुढे ती किल्ल्यावर गेली आणि आजची सिंधिया स्कूल झाली. त्या काळच्या हिशेबात विशेष मूल म्हणजे विशेष घरात जन्मलेलं मूल. पाटणकर, शितोळे, फाळके अशा घरांतल्या मुलांसाठी शाळा, घोडेस्वारी, इंग्रजी मास्तर. कीर्तनकाराच्या पोराला कितीही बुद्धी असली तरी तो त्या यादीत बसणारा नव्हता.

पण त्याच शहरात दुसरी एक शाळा चालू होती. तिला ना इमारत, ना पट. पुण्याजवळच्या चिंचवडहून ग्वाल्हेरला आलेल्या विष्णुबुवा पंडित या कीर्तनकारांची मुलं शंकरराव आणि एकनाथ हद्दू-हस्सू खाँच्या परंपरेतल्या उस्तादांकडे शिकली. त्यांतले निसार हुसेन खाँ तर दरबाराचा आश्रय सुटल्यावर पंडितांच्याच घरी येऊन राहिले. ब्राह्मणाच्या घरात मुसलमान उस्ताद, तेही एकोणिसाव्या शतकात. खाँसाहेबांनी त्या घराच्या रीतीभाती इतक्या उचलल्या, की लोक त्यांना गमतीने 'निसार भट' म्हणू लागले. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात एका घराने हे कसं पेललं असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. मुलांच्या गळ्यात गाणं आहे हे एकदा कळल्यावर त्यांना गुरू मिळवून देण्यासाठी पंडितांनी लोकापवाद अंगावर घेतला.

शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव शंकर पंडित १८९३ सालचे. वडील आणि निसार हुसेन खाँ अशा दोघांच्या नजरेखाली वाढले. शिक्षक घरातच, अभ्यास चोवीस तासांचा, आणि शिष्याची गती बघून शिक्षक वेग ठरवणार. आज शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत प्रतिभावान मुलांसाठी म्हणून जे सांगतात, त्यातलं बरंचसं या व्यवस्थेत आपसूक होतं. एकाला एक शिक्षक होता. वयाऐवजी तयारी पाहून पुढचा पाठ मिळत होता. रोज स्वतःपेक्षा सरस माणसाच्या सहवासात राहायला मिळत होतं, आणि चुकलं की जागच्या जागी कळत होतं. कृष्णराव ९६ वर्षं जगले, अखेरपर्यंत गायले, १९७३ साली पद्मभूषण झाले.

तरीही या पद्धतीचे गोडवे गाताना हात आखडता घ्यायला हवा. ही व्यवस्था उत्तम होती ती आत असलेल्यांसाठी. बाहेरच्याला पडद्याआडच बसावं लागे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी गाणं शिकण्यासाठी गावोगाव पायपीट केली, गुरुघरी पडेल ते काम केलं, बोलणी खाल्ली, आणि अखेर ग्वाल्हेर परंपरेच्या वासुदेवबुवा जोश्यांनी त्यांना पदरात घेतलं तेव्हा कुठे ही गायकी महाराष्ट्रात आली. एक बाळकृष्णबुवा टिकले. वाटेत किती जण गळाले, त्यांची नावं कुणीच लिहून ठेवली नाहीत. मुलींचं तर विचारायलाच नको. पंडितांच्या याच घराण्यात गाणं हा व्यवसाय म्हणून पत्करणारी पहिली स्त्री म्हणजे मीता पंडित, आणि त्या घराण्याच्या सहाव्या पिढीतल्या. आधीच्या पाच पिढ्यांत एकाही मुलीला गळा नव्हता, असं कोण म्हणेल?

बाहेरच्यांसाठी दार उघडण्याचं काम विसाव्या शतकाच्या आरंभी झालं, आणि त्यातलं बरंचसं ग्वाल्हेरशी बांधलेलं होतं. कृष्णरावांनी १९१४ साली गाण्याची शाळा काढली. तीच पुढे वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय म्हणून ओळखली गेली. माधवराव शिंद्यांनी संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या सल्ल्याने राजाभैया पूछवाले आदी गायकांना मुंबईला पाठवून नवी स्वरलिपी आणि वर्गात शिकवण्याची रीत शिकून घ्यायला लावली, आणि जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. क्रमिक पुस्तकं आली, वर्षं आली, परीक्षा आल्या. फी भरील त्याला प्रवेश.

लगेच आक्षेपही आला. वीस मुलांच्या वर्गात तानसेन कसा घडणार? आक्षेप खोटा नव्हता. वर्ग नेहमी मधल्या मुलाच्या चालीने चालतो. ज्याला यमन राग आठवड्यात येतो त्यालाही तिमाही संपेपर्यंत यमनच घोकावा लागतो.

या पेचावर सर्वांत व्यवहारी उत्तर त्याआधीच काढलं होतं ते बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी. १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. तानसेन नाही तर निदान कानसेन तरी घडवू, असं ते म्हणत, अशी आठवण सांगतात, आणि साध्या वर्गांचं उद्दिष्ट खरोखर तेच होतं. पण त्याच छपराखाली त्यांनी 'उपदेशक वर्ग' चालवला. निवडक मुलं, नऊ वर्षांचा करार, राहणं-जेवण संस्थेचं, फी नाही. बदल्यात दिवसरात्र मेहनत आणि पुढे संगीतशिक्षक म्हणून काम. घरची ऐपत बघायची नाही, गळा आणि चिकाटी बघायची. या वर्गातून विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आणि भडोचच्या गरीब घरातले ओंकारनाथ ठाकूर बाहेर पडले. सर्वांसाठी वर्ग आणि मोजक्यांसाठी वेगळी तालीम, यांत भांडण असलंच पाहिजे असं नाही, हे पलुस्करांनी करून दाखवलं होतं. स्वतंत्र भारतातल्या शिक्षण खात्यांना हे पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागलं, ही गंमत म्हणायची की दुर्दैव?

पलुस्करांच्याच शिष्यांत बी. आर. देवधर. मुंबईत त्यांचं स्कूल ऑफ इंडियन म्युझिक होतं. तिथे १९३५-३६ च्या सुमारास एक मुलगा आला, किंवा त्याच्या वडिलांनी आणला. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा, १९२४ चा जन्म. सातव्या वर्षापासून हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका एकदा-दोनदा ऐकून हुबेहूब गाऊन दाखवत असे. एका मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटलं होतं आणि तेच नाव चिकटलं. गावोगाव जलसे होत. अकरा-बारा वर्षांच्या पोराने मुंबईच्या जिना हॉलमधल्या परिषदेत गाऊन भल्याभल्यांना थक्क केलं.

इथे गोष्ट दोन वाटांनी जाऊ शकली असती. बालकलाकार म्हणून आणखी चार-पाच वर्षं तिकिटं विकली गेली असती. मग आवाज फुटला असता, मिशी आली असती, आणि 'लहानपणी काय गायचा हो' एवढंच उरलं असतं. रंगभूमीने आणि संगीताने अशी पोरं कितीतरी पाहिली आहेत. तसं झालं नाही, कारण मुलगा देवधरांकडे राहिला. देवधर स्वतः ग्वाल्हेर परंपरेचे, पण घराण्याचं कुंपण न मानणारे. त्यांच्या शाळेत निरनिराळ्या घराण्यांचे गायक येत, बसत, गात, चर्चा करत. नक्कल करण्यात पटाईत असलेल्या मुलाला नक्कल पुरेनाशी होईल, असं हे वातावरण होतं. एकाच्या जागी दहा तऱ्हा ऐकल्यावर यातलं माझं कोणतं, हा प्रश्न पडणारच. कुमारांनी त्या प्रश्नाचं जे उत्तर दिलं ते देवासला, क्षयाच्या आजारातून उठल्यानंतर, आणि ते मराठी रसिकाला नव्याने सांगायला नको. त्या उत्तरामागे अकरा वर्षांचा मुलगा आणि जलसा यांच्या मध्ये उभा राहिलेला शिक्षक आहे, हे मात्र कौतुकाच्या गर्दीत विसरलं जातं.

मुलाचं प्रदर्शन मांडण्याचा मोह फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत विल्यम सिडिस नावाचा मुलगा १९०९ मध्ये, अकराव्या वर्षी, हार्वर्डमध्ये दाखल झाला, आणि काही महिन्यांत त्याने गणिताच्या प्राध्यापकांपुढे चौथ्या मितीवर व्याख्यान दिलं. वडील मानसशास्त्रज्ञ, मुलगा म्हणजे त्यांच्या सिद्धान्ताची जाहिरात झाला. वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं पाठीस लागली. मोठेपणी सिडिसने गणिताकडे पाठ फिरवली, साध्या कारकुनी नोकऱ्या केल्या आणि १९४४ मध्ये ४६ व्या वर्षी तो वारला. 'फार हुशार मुलं वाया जातात' असं म्हणणारे आजही त्याचंच उदाहरण देतात.

त्यांना ऑस्ट्रेलियातल्या टेरेन्स ताओची गोष्ट सांगायला हवी. १९७५ चा जन्म. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये दहाव्या वर्षी कांस्य, पुढच्या वर्षी रौप्य, त्याच्या पुढच्या वर्षी सुवर्ण. आईवडिलांनी त्याला शाळेत विषयागणिक वेगवेगळ्या इयत्तांत बसवलं: गणित मोठ्यांबरोबर, बाकीचं आपल्या वयाच्या आसपास. विद्यापीठात पूर्णवेळ जाण्याइतकी तयारी आधीच झालेली असतानाही त्यांनी घाई केली नाही. ताओ २००६ मध्ये फील्ड्स पदकाचा मानकरी ठरला. दोन मुलांच्या बुद्धीत फरक किती होता, कोणास ठाऊक. सभोवतालच्या माणसांत होता, हे उघड दिसतं.

बुद्धी मोजण्याच्या शास्त्राची कथाही थोडी उफराटी आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने १९०५ साली पहिली चाचणी केली ती अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. अमेरिकेत लुइस टर्मनने तीच पट्टी उलटी धरली आणि १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीड हजारांवर अतिबुद्धिमान मुलं निवडून त्यांचा जन्मभर मागोवा घेतला. मुलं निरोगी, यशस्वी निघाली. हुशार मूल म्हणजे हडकुळं आणि तऱ्हेवाईक हा जुना समज त्याने मोडून काढला. पण त्याच्या गाळणीतून खाली पडलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ ही दोन मुलं होती. दोघांनाही पुढे भौतिकीचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. निवडलेल्या दीड हजारांत नोबेल एकालाही नाही. चाचणी काय पकडते आणि काय सोडते, यावर इतकं बोलकं भाष्य दुसरं नसेल.

मराठी मुलांना या शास्त्राची ओळख करून दिली धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी. बिने-टर्मनची चाचणी त्यांनी कानडी आणि मराठी मुलांवर घासूनपुसून बसवली आणि १९४० मध्ये 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. बिने-कामत चाचणी आजही देशभरच्या बालमार्गदर्शन केंद्रांत वापरली जाते. पाश्चात्त्य मुलांना विचारायचे प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे विचारून त्यांना मंद ठरवू नये, ही साधी गोष्ट त्यांनी कामातून मांडली.

मोजल्यानंतर पुढे काय, याचं संस्थात्मक उत्तर मराठी मुलखात पुण्याने दिलं. डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. आरंभी निरनिराळ्या शाळांतली निवडक मुलं शाळा सुटल्यावर जमत. १९६९ मध्ये पाचवीपासूनची पूर्णवेळ प्रशाला निघाली. निवडीसाठी मानसशास्त्रज्ञ गिलफर्डच्या सिद्धान्ताचा आधार घेतला गेला, म्हणजे बुद्धी ही एक संख्या न मानता तिच्या अनेक वेगवेगळ्या क्षमता तपासायच्या. प्रकल्प, खेड्यांतलं काम, बरची नृत्य, उपासना अशी त्या शाळेची स्वतंत्र घडण झाली. अप्पांचा आग्रह बुद्धी समाजाच्या कामी लावण्याचा होता. नुसते बोर्डात येणारे विद्यार्थी त्यांना नको होते. हा आग्रह पालकांना आवडतो की शाळेचं नाव आवडतं, हे प्रवेशपरीक्षेच्या दिवशी सदाशिव पेठेत उभं राहून ठरवणं कठीण आहे.

शहरी मध्यमवर्गाच्या बाहेर हाच शोध सरकारनेही घेतला. महाराष्ट्रात साठच्या दशकात मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतनं निघाली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाबरोबर नवोदय विद्यालयांचं जाळं पसरलं. त्यांतली पहिली दोन हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला. सहावीत प्रवेश, राहणं-खाणं फुकट, किमान ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांना, एक तृतीयांश मुलींना. शेतमजुराच्या मुलीला प्रयोगशाळा आणि वसतिगृह मिळवून देणारी ही फार मोठी योजना. आकाराने प्रचंड असली तरी कल्पना ओळखीची वाटते: पलुस्करांचा उपदेशक वर्गच तो.

टीकाकारांचं म्हणणं असं, की ज्यांना देवाने आधीच दिलं आहे त्यांना सरकारने आणखी का द्यावं? ज्या देशात पाचवीतल्या कित्येक मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही, तिथे हुशारांचे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला तोंड न देता केलेली प्रतिभेची भाषा पोकळ ठरते. पण एक बाब नीट पाहावी. श्रीमंताच्या हुशार मुलाला सरकारी योजना नसली तरी फारसं अडत नाही. क्लास, पुस्तकं, ओळखी, परदेश, सगळं मिळतं. योजना बंद पडली की अडतं ते दुसऱ्याचं. हुशार मुलांकडे लक्ष न देण्याची समता प्रत्यक्षात पैसेवाल्यांच्या पथ्यावर पडते. निवडीत मात्र डोळस राहायला हवं. ज्याच्या घरात पुस्तक नाही त्याला शब्दांच्या चाचणीत कमी गुण पडणारच. म्हणून रेव्हनच्या आकृत्यांसारख्या बिनशब्दांच्या चाचण्या वापरायच्या आणि शिक्षकांच्या निरीक्षणाला वजन द्यायचं. अतिबुद्धिमानांची संघटना असलेल्या मेन्सा इंडियाने पुण्यातून आदिवासी मुलांसाठी चालवलेला शोध उपक्रम याच जाणिवेतून आला.

राहता राहिली ती साधी शाळा, आणि देशातली बहुतेक हुशार मुलं तिथेच आहेत. प्रबोधिनीत जागा मोजक्या, नवोदयच्या वर्गात ८०. लष्करमधल्या एखाद्या हिंदी शाळेत चौथीच्या तिसऱ्या बाकावर बसलेली, जूनमध्ये आणलेलं पुस्तक जुलैत संपवून वर्षभर खिडकीबाहेर बघणारी मुलगी या कुठल्याच यादीत नाही. तिचं प्रगतिपुस्तक उत्तम असतं, म्हणून कोणाला काळजी वाटत नाही. खरं नुकसान इथे होतं: दहा वर्षं कष्टावाचून पहिला नंबर मिळालेलं मूल अकरावीत पहिल्यांदा अडतं, आणि अडल्यावर काय करायचं हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या संशोधिकांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सुटल्यावर काही मुलांना 'तू किती हुशार' म्हटलं, काहींना 'छान मेहनत घेतलीस'. नंतर अवघड कोडी दिली तेव्हा हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं लवकर खचली, सोप्याच कामाकडे वळली, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी दुसऱ्यांना सांगताना आपले गुण वाढवून सांगितले. गणेशोत्सवाच्या स्टेजखाली बसणाऱ्या काका-मामांनी हा प्रयोग वाचण्यासारखा आहे.

उपाय महागच असतो असं नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर बनारसला वाढले. मराठी घर, वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरात फळे टांगलेले होते. शिकायला येऊन राहिलेले मामा मोरेश्वर हुजुरबाजार त्यावर भाच्यासाठी एखादं गणिताचं कोडं लिहून ठेवत. 'जेव्हीएनला आव्हान', असा मथळा. भाच्याने सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत कोडं फळ्यावर तसंच राही. नारळीकरांनी आत्मचरित्रात हे प्रेमाने सांगितलं आहे. त्यात मेख अशी, की कोडं शाळेच्या अभ्यासाच्या पलीकडचं असे, आणि हार मानण्याची मुभा असे. पुढे केंब्रिज, रँग्लर, फ्रेड हॉईल यांच्याबरोबरचं संशोधन हे सगळं झालं. तरी त्या आधी खडू आणि फळा होता. हुजुरबाजारांसारखा मामा प्रत्येक घरात नसतो, हे खरं. पण प्रत्येक शाळेत गणिताचा एक तरी शिक्षक असतो.

वरच्या वर्गात चढवण्याबद्दल आपल्याकडे फार धास्ती. मूल मोठ्यांत बावरेल, एकटं पडेल. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून २००४ मध्ये 'अ नेशन डिसीव्ह्ड' हा अहवाल निघाला. पन्नासेक वर्षांचं संशोधन तपासून त्याने सांगितलं, की नीट पारखून पुढे नेलेल्या मुलांचं भावनिक नुकसान होत असल्याचा पुरावा नाही. आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदा शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात बसवण्याची तरतूद करतो. वर्गाच्या पुढे असलेल्या मुलाबद्दल त्यात अवाक्षर नाही. तरी सबंध वर्ष उडी मारण्याची गरजही बहुतेकांना नसते. ताओप्रमाणे एका विषयापुरतं वरच्या वर्गात बसता आलं, तरी पुष्कळ.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा मजकूर दिला आहे. बी.एड.मध्ये या मुलांच्या शिक्षणाचं विशेष प्रशिक्षण असावं, शाळा, शाळासंकुल आणि जिल्हा पातळीवर विषयवार मंडळं चालवावीत, ऑलिम्पियाडसारख्या स्पर्धांना उत्तेजन द्यावं, असं त्यात लिहिलं आहे. मंडळ चालवायला लागतो एक रिकामा वर्ग, आठवड्याचे दोन तास आणि एक उत्साही शिक्षक. तेव्हा पुढच्या पालकसभेत, मग ती पाटणकर बाजारातल्या मुलांच्या शाळेतली असो की महाराष्ट्रातल्या पाटण गावातली, मुलाला किती टक्के मिळाले हे विचारून झाल्यावर पालकांनी मुख्याध्यापकांना आणखी एक विचारावं: या शाळेत असं मंडळ आहे का, आणि नसेल तर ते कोणत्या शनिवारी सुरू होणार?